चार काट्यांवर टीटी-०२ : वजन सरकवण्याच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी छोटी मॉडेल कार, तामिया टीटी-०२, सेकंडहँड. शाफ्टवर चालणारी फोर-व्हील ड्राइव्ह, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) २५७ मिमी, रुंदी सुमारे १८५ मिमी. आधीच्या मालकानं किटमधले फ्रिक्शन डँपर (नुसत्या घर्षणावर चालणारे शॉकअब्सॉर्बर) काढून तेलाचे लावलेत, प्लास्टिक बुशिंगच्या जागी बेअरिंग टाकलीत. मोटर साधी ब्रश्ड ५४०. बॅटरी सहा सेलची निकेल, तीही त्याच्याकडूनच आलेली. मैदान म्हणजे चिंचवडला आमच्या सोसायटीचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट, मुलं खेळायला उतरेपर्यंत.

तक्रार अशी की वळणात शिरताना पुढचं टोक बाहेर पळतं. स्टिअरिंग पूर्ण दिलं तरी गाडी आधी थोडी सरळ जाते, मग आठवण झाल्यासारखी वळते. भाच्यानं रिमोट हातात घेतला आणि थोड्याच वेळात म्हणाला, "मामा, ही डावीकडे बरी वळते. उजवीकडे नाटकं करते." कोर्टावर मी कायम डावीकडे वळतच चकरा मारतो, त्यामुळे हे माझ्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

खडूनं ४ मीटर व्यासाचं वर्तुळ काढलं. मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओवरून एका फेरीचा वेळ काढला. डावीकडून २.९८ सेकंद, उजवीकडून ३.१४. भाचा बरोबर बोलत होता.

मऊ स्प्रिंग, कडक स्प्रिंग, वेगळे टायर असे सल्ले सगळीकडे मिळतात. पण कुठल्या चाकावर किती वजन आहे हे कळल्याशिवाय स्प्रिंगला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

५ जानेवारी, रविवार

स्वयंपाकघरात वापरतात तसले चार सारखे वजनकाटे जमवले, एक घरचा, बाकीचे नवे. चौघांवर एकच साखरेचा डबा ठेवून पाहिला. एक काटा २ ग्रॅम जास्त दाखवतो, त्याच्यावर पट्टी चिकटवून तसं लिहिलं.

दुसरा प्रश्न सपाटीचा. ओट्यावर काटे मांडले आणि आकडे पटेनात. ओटा सिंककडे उतरता असतोच, पाणी वाहून जायला. फरशीलाही मोरीकडे ढाळ. शेवटी जुन्या शोकेसची काच जमिनीवर ठेवून तिच्याखाली कागदाच्या घड्या सरकवत पातळी साधली. एक चाक अर्धा मिमी वर असलं तरी ते आणि त्याच्या तिरकं समोरचं अशा दोन चाकांचे आकडे हलतात, म्हणून हा खटाटोप करावाच लागतो.

प्रत्येक वाचनाआधी गाडी पुढून-मागून हलकेच दाबून सोडायची, नाहीतर डँपर जिथे अडकतो तिथलाच आकडा मिळतो. चाकं सरळ, बॅटरी आत, बॉडी वर. म्हणजे गाडी पळते तशीच तोलायची.

पुढचं डावं ३८६, पुढचं उजवं ३२४
मागचं डावं ४०४, मागचं उजवं ३९८
एकूण १५१२ ग्रॅम

पुढच्या एक्सलवर ७१० म्हणजे ४७ टक्के, मागे ८०२. डाव्या बाजूला ७९०, उजव्या बाजूला ७२२. डावी बाजू ६८ ग्रॅमनं जड. याचं कारण गाडी उलटी न करताही दिसतं. मधून शाफ्ट जातो, डावीकडे बॅटरी, उजवीकडे मोटर आणि तिच्या पुढे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी). निकेलची बॅटरी एकटी ३७२ ग्रॅमची. मोटर आणि ईएससी मिळूनही तिची बरोबरी करत नाहीत.

उजवीकडे वळताना वजन डाव्या, म्हणजे बाहेरच्या चाकांवर जातं. ती आधीच जड. टायरची गोष्ट अशी की त्याच्यावरचं वजन दुप्पट केलं तर पकड दुपटीला जरा कमीच पडते. त्यामुळे एका एक्सलच्या दोन चाकांवर वजन जितकं असमान, तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी. डावीकडे वळताना उलट होतं. जड बाजू आत असते, वजन बाहेर सरकताना दोन्ही बाजू सारख्या व्हायला लागतात.

पण पुढच्या दोन चाकांत ६२ ग्रॅमचा फरक आणि मागच्या दोघांत फक्त ६, हे बॅटरीनं होणार नाही. बॅटरी जवळजवळ मधोमध आहे, तिनं दोन्ही एक्सलवर सारखाच फरक पडायला हवा. आणखी काहीतरी आहे.

११ जानेवारी, शनिवार

दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) आणली, जुन्या बॅटरीच्याच आकाराच्या कडक कवचातली. २४८ ग्रॅम, म्हणजे एकदम १२४ ग्रॅम कमी. नवे आकडे :

पुढचं डावं ३४१, पुढचं उजवं ३०९
मागचं डावं ३५८, मागचं उजवं ३८०
एकूण १३८८ ग्रॅम

डावी बाजू ६९९, उजवी ६८९. बाजूंचा हिशोब जवळजवळ मिटला. पुढचं प्रमाण मात्र ४६.८ टक्क्यांवरच आहे, कारण जे वजन गेलं ते मधूनच गेलं.

आणि तिरका फरक आता उघडा पडलाय. पुढचं डावं अधिक मागचं उजवं मिळून ७२१, दुसरा कर्ण ६६७. बाजू सारख्या असूनही चार पायांची खुर्ची डुगडुगावी तशी गाडी एका कर्णावर बसलेली आहे. याला ट्वीक म्हणतात. वजन इकडचं तिकडे करून हा जात नाही, तो स्प्रिंगांच्या दाबात किंवा शॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) पिळात असतो.

ट्वीकचा परिणाम डाव्या-उजव्या वळणांत उलटसुलट होतो, म्हणून तो चटकन ओळखू येतो. उजव्या वळणात बाहेरचं पुढचं चाक म्हणजे डावं. जास्तीचा बोजा त्यानंच उचलला की पुढची जोडी आधी थकते आणि गाडी सरळ पळते. डाव्या वळणात बाहेरचं मागचं उजवं चाक जास्त उचलतं, पुढच्या जोडीवरचा भार हलका होतो आणि गाडी झटकन वळते, कधी मागचं टोकही फेकते. भाच्याच्या तक्रारीची दोन कारणं होती तर, बॅटरी आणि हे.

१२ जानेवारी, रविवार

काटे नसले तरी ट्वीक तपासता येतो. पेचकसाचं टोक शॅसीच्या पुढच्या कडेला बरोबर मध्यावर लावून गाडी हळू उचलायची. दोन्ही चाकं एकदम सुटली पाहिजेत. माझ्या गाडीचं उजवं आधी सुटलं.

चारही डँपर काढून शेजारी मांडले. डाव्या पुढच्याचा रॉड-एंड (डँपरच्या टोकाचा स्क्रूनं बसणारा तुकडा) इतरांपेक्षा जवळजवळ १ मिमी जास्त बाहेर होता. एवढ्यानं तो कोपरा उचलला जात होता. चौघांची लांबी कॅलिपरनं सारखी केली, स्प्रिंगवरचे स्पेसर सारखे केले, शॅसीचे स्क्रू सैल करून गाडी काचेवर दाबून पुन्हा आवळले.

पुढे ३२७ आणि ३२३, मागे ३७२ आणि ३६६. कर्ण ६९३ आणि ६९५.

संध्याकाळी वर्तुळ : डावीकडून २.९७, उजवीकडून २.९९. या कामाला खर्च शून्य आला. गाडीत घातलेल्या कुठल्याही महागड्या पार्टपेक्षा फरक मोठा आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कोर्टभर मांजा. एक्सलमध्ये मांजा गुंडाळला गेला की बेअरिंगचं सील कापतो, त्यामुळे गाडी बाहेर काढली नाही.

१९ जानेवारी, रविवार

गुरुत्वमध्याची उंची काढली. मोठ्या गाड्यांसाठी वापरतात तीच पद्धत. मागची चाकं ठरावीक उंचीवर सपाट ठेवायची आणि पुढच्या चाकांवर वजन किती वाढलं ते बघायचं. गुरुत्वमध्य एक्सलच्या रेषेपेक्षा जितका वर, तितकं वजन पुढे झुकतं. सस्पेन्शन दबून चालत नाही, म्हणून डँपरच्या शाफ्टवर जाड स्ट्रॉचे चिरलेले तुकडे घालून ते जखडले. चाकं मोकळी फिरली पाहिजेत, म्हणून मोटरचा पिनियन (तिच्यावरचं छोटं दातेरी चाक) सोडवला.

मागची बाजू १२० मिमी उचलल्यावर पुढचं वजन ६५० वरून ६६१ झालं. हिशोब केल्यावर गुरुत्वमध्य एक्सलच्या वर जेमतेम ४ मिमी येतो. चाकाची त्रिज्या ३२ मिमी, म्हणजे जमिनीपासून सुमारे ३६ मिमी. काट्यात २ ग्रॅमची चूक धरली तर उत्तर पाऊण मिमी इकडे-तिकडे होईल. चालेल.

या एका आकड्यावरून बरंच उलगडतं. माझ्या सिमेंटवर गाडी वळणात साधारण ०.९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ०.९ पट आडवा जोर सोसते. चाकांतलं आडवं अंतर १६० मिमी धरलं तर आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला २८० ग्रॅम सरकतात. म्हणजे आतल्या चाकांवर ६९० पैकी ४१० उरले. अर्धी रुंदी भागिले उंची केली तर दोनच्या वर येतं, म्हणजे उलटायला दोनाहून जास्त जी लागतील, त्यामुळे या कोर्टावर गाडी नुसत्या पकडीच्या जोरावर उलटणार नाही. कार्पेटवर, चिकट टायर लावून पळवणाऱ्यांना मात्र ही भीती असते. ते उगीच बॉडी खाली बसवण्यामागे लागत नाहीत.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो ब्रेकचा हिशोब. ०.६ जीनं वेग कमी केला तर ११७ ग्रॅम मागून पुढे येतात. पुढचं प्रमाण ४६.८ वरून ५५ टक्क्यांवर जातं. ईएससी इकडून तिकडे सरकवून मी फार तर अर्धा टक्का मिळवणार आणि थ्रॉटलवरचं बोट आठ टक्के हलवतंय! वळणात शिरताना गाडी वळत नसेल तर आधी बोट बघावं, मग गाडी. पण वळणाच्या मध्यावर, जिथे ना ब्रेक ना जोर, तिथे उभ्या गाडीचं प्रमाणच राज्य करतं. माझी उरलेली तक्रार आता बरोबर तिथली आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनासाठी काल कोर्ट पाण्यानं धुतलं होतं. खुर्च्या उचलल्यावर साडेदहाला गाडी उतरवली. धूळ नसलेल्या सिमेंटवर पकड इतकी चांगली होती की आधीचे सगळे वेळ तुलनेतून बाद. रांगोळीच्या बाजूला मात्र चाक गेलं की गाडी साबणावरून घसरल्यासारखी जाते, तेवढा कोपरा सोडला.

यातून एक नियम केला. तुलना एकाच संध्याकाळी आणि पहिली मांडणी, दुसरी मांडणी, परत पहिली अशा क्रमानं. परत पहिलीवर आल्यावर जुनाच वेळ मिळाला तरच मधल्या आकड्याला किंमत.

२ फेब्रुवारी, रविवार

पुढे वजन आणायचंय. टीटी-०२ मध्ये बॅटरीची खाच साच्यातच आलेली, स्टिक बॅटरी तिच्यात घट्ट बसते, मागेपुढे करायला जागा नाही. मोटर आणि सर्वोची (पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरची) जागाही ठरलेली. सुटा राहतो तो ईएससी आणि रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर. ५८ ग्रॅमचा ईएससी २५ मिमी पुढे घेतला. वजन गुणिले सरकवलेलं अंतर, भागिले व्हीलबेस, असा साधा हिशोब आहे. मिळाले साडेपाच ग्रॅम. एवढ्याशा फायद्यासाठी वायर पुन्हा सोल्डर कराव्या लागल्या.

मग टायरवाल्याकडून चाक बॅलन्सिंगची चिकटणारी शिशाची वजनं आणली, ५ ग्रॅमची. ३० ग्रॅम घ्यायचे ठरवले. जागा दोन.

पहिली, बंपरवर, एक्सलच्या ६० मिमी पुढे. इथे मजा आहे. ३० ग्रॅम लावले तरी पुढच्या एक्सलवर ३७ वाढतात, कारण एक्सलच्या पुढचं वजन मागची चाकं उचलून धरतं, मागचे ७ ग्रॅम कमी होतात. कमी वजनात जास्त प्रमाण, ४८.८ टक्के. कागदावर हीच जागा जिंकते.

दुसरी, सर्वोच्या शेजारी, शॅसीच्या तळाशी, एक्सलच्या ४० मिमी मागे. पुढे २५ वाढतात, मागे ५. प्रमाण ४८ टक्के.

वर्तुळात दोन्ही मांडण्या सारख्याच निघाल्या, डावी-उजवीकडून २.९३ च्या आसपास. वर्तुळात गाडी एकाच गतीनं एकाच बाजूला फिरत असते, तिला दिशा बदलावी लागत नाही. पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडून नागमोडी रस्ता केला तेव्हा फरक कळला. बंपरवर वजन असताना पहिली बाटली छान, दुसरीला गाडी उशिरा येते, तिसरीला आणखी उशिरा, चौथी आडवी. भाचा म्हणाला, "मामा, हिला वळायला सांगितलं की वळते, पण थांब सांगितलं की थांबत नाही." माझ्या सगळ्या हिशोबापेक्षा नेमकं.

आत लावलेल्या वजनाला असं काही झालं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

भाच्याचं म्हणणं मोजायचं ठरवलं. बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीवरून एक मीटर लांबीचे दोन दोर २० सेमी अंतरावर सोडले, बॉडी काढून गाडी त्यांना आडवी टांगली, गुरुत्वमध्यापासून दोन्ही दोर १० सेमीवर. गाडी जागच्या जागी थोडी पिळून सोडली की ती स्वतःभोवती डावी-उजवी झोके घेते. वजन टोकांकडे पसरलेलं असेल तर झोका सावकाश, मध्याशी गोळा झालेलं असेल तर जलद. बारावीला जडत्व आघूर्ण शिकताना असा प्रयोग कुणी दाखवला असता तर बरं झालं असतं.

दहा झोक्यांचा वेळ, शिशाशिवाय : १६.६ सेकंद
सर्वोशेजारी ३० ग्रॅम : १६.७
बंपरवर ३० ग्रॅम : १७.५

(वजनाची जागा बदलली की गुरुत्वमध्यही काही मिमी सरकतो, त्याप्रमाणे दोर सरकवले.) हिशोबानं बंपरवरच्या ३० ग्रॅमनी फिरण्याचा विरोध सुमारे १३ टक्के वाढला, सर्वोशेजारच्या तेवढ्याच वजनानं ३ टक्के. गाडीचं एकूण वजन मात्र जेमतेम सव्वादोन टक्क्यांनी वाढलेलं. अंतराचा वर्ग होतो, त्याचा हा प्रताप. गुरुत्वमध्यापासून दुप्पट लांब गेलेलं वजन चौपट भारी पडतं.

नायट्रो, म्हणजे द्रव इंधनावर पळणाऱ्या मॉडेल गाड्या चालवणाऱ्यांना आणखी एक डोकेदुखी असते. एक अष्टमांश आकाराच्या बग्गीची (मातीवर पळणाऱ्या गाडीची) टाकी १२५ सीसीची, भरलेल्या इंधनाचं वजन ११० ग्रॅमच्या आसपास, आणि ते शर्यत चालू असताना कमी होत जातं. म्हणून टाकी गुरुत्वमध्याच्या जवळ ठेवतात. आपली बॅटरी संपली तरी तेवढ्याच वजनाची राहते, हे एक सुख.

९ फेब्रुवारी, रविवार

आज गाडी नाही, पाहुणे होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, मग मोटर सगळ्यात मागे टाकून का बनवायचे लोक? प्रश्न टू-व्हील ड्राइव्ह बग्गीबद्दलचा होता आणि चांगला होता.

टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीची आरसी१० बग्गी आली १९८४ मध्ये. तिची मोटर मागच्या एक्सलच्याही मागे. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात डेल मार इथे पहिली ऑफ-रोड जागतिक स्पर्धा झाली, तिथे टू-व्हील गटात तीच जिंकली. तेव्हाचे ट्रॅक सुट्या मातीचे. फक्त मागची चाकं ओढणार असतील आणि खाली भुसभुशीत माती असेल, तर मोटरचे दीडशेच्या वर ग्रॅम मागच्या चाकांच्या डोक्यावर असलेलेच बरे. गाडी स्वतःभोवती फिरायला जड झाली तरी जोर दिल्यावर पुढे तरी जाते.

मग ट्रॅक बदलले. माती दाबून कडक केलेली, पुढे कार्पेट आणि कृत्रिम गवत. मागे पकड मुबलक मिळायला लागल्यावर तेच वजन पुढच्या टोकाला हलकं करून छळायला लागलं. टीएलआर या दुसऱ्या कंपनीची '२२' नावाची बग्गी आली ती मोटर मागे किंवा मध्ये कुठेही बसवता येईल अशी. असोसिएटेडनं मोटर मागे असलेली बी५ आणि मध्ये असलेली बी५एम अशा दोन गाड्याच वेगळ्या काढल्या आणि २०१६ च्या बी६ पासून मोटर एक्सलच्या पुढेच. म्हणजे वजन कुठे असावं हे गाडीपेक्षा जमीन ठरवते. माझ्या सिमेंटवर काढलेले ४८ टक्के दुसऱ्या कुणी आपल्या मातीत नेऊन लावू नयेत.

लायपोनं गाड्या हलक्या झाल्यावर एक फायदा स्पर्धकांनी बरोबर उचलला. अमेरिकेतल्या रोअर या रिमोट गाड्यांच्या शर्यत संघटनेच्या नियमांत टू-व्हील बग्गीचं किमान वजन १४७४ ग्रॅम. गाडी त्याच्या खाली आली की उरलेलं वजन पितळेच्या तुकड्यांनी भरायचं, आणि तुकडे कुठे ठेवायचे ते आपण ठरवायचं. बॅटरीत कोंबलेल्या वजनाला असं हवं तिथे नेता येत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

शीस कायमचं चिकटवलं. सर्वोशेजारी, पण मध्यरेषेच्या २७ मिमी उजवीकडे, म्हणजे डावीकडचे उरलेले १० ग्रॅमही फिटतात. खाली थिनरनं पुसून, वर कापडी टेप.

पुढे ३४१ आणि ३४०, मागे ३६८ आणि ३६९. एकूण १४१८, पुढे ४८ टक्के. बॉडीपोस्टची (बॉडी ज्यावर बसते त्या खांबांची) एक खाच खाली घेऊन बॉडी ५ मिमी उतरवली. गुरुत्वमध्य अर्धा मिमी खाली आला असेल, चालवताना मला काही कळलं नाही. दिसायला छान दिसते.

नागमोडीत चौथी बाटली आता उभी राहते. वळणाच्या मध्यावर पुढचं टोक अजून किंचित बाहेर जातं, पण दोन्हीकडे सारखंच जातं, आणि ते स्प्रिंगनं सुटेल असं वाटतं. मागच्या चाकांसाठी एक पायरी जास्त कडक स्प्रिंग मागवलेत.

भाच्याला त्याच्या वाढदिवसाला अशीच दुसरी गाडी मिळालीय, निकेल बॅटरीसह. "माझ्यातपण शीस लावू या ना मामा." त्याला वही दिली आणि हिशोब करायला लावला. डावीकडचे ६८ ग्रॅम उजव्या कडेला, मध्यरेषेपासून ६० मिमीवर शीस लावून फेडायचे तर किती लागेल? त्यानं दोनदा खोडून ९० काढले. मग स्वतःच म्हणाला की एवढं वजन वाहण्यापेक्षा लायपो स्वस्त पडेल. चार्जर मात्र लायपोचा वेगळा घ्यावा लागेल, हे ताईला मी सांगायचं आहे.